झेंडा उतरवताना

त्या सोमवारी मी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला लावायला बाहेर आले, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि समोरच्या छपरांवर अजून ऊन होते. जूनच्या अखेरीस कॅनडातल्या एडमंटनमध्ये सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो. एरवी या लांबलेल्या उजेडाचे मला कौतुक वाटते, पण हरलेल्या गावाला तोंड लपवायला अंधार मिळत नाही, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा ध्यानात आले. गल्ली अगदी गप्प होती. तीनच दिवसांपूर्वी याच वेळी इथे गाड्यांचे भोंगे वाजत होते. शेजारचे आजोबा (घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, समोर मात्र या देशाच्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारतो) त्यांच्या जुन्या पिकअपच्या खिडकीत अडकवलेला, गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या संघाचा, एडमंटन ऑयलर्सचा, नारिंगी-निळा झेंडा काढत होते. प्लास्टिकची काडी काचेच्या फटीत रुतली होती आणि त्यांची जाड बोटे तिथवर पोहोचत नव्हती. आमची नजरानजर झाली. नुसते उभे राहणे अवघड वाटले म्हणून मी इंग्रजीत म्हणाले, “तुमचा संघ फार छान खेळला.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मान हलवली, झेंड्याची घडी घातली आणि ते आत गेले. गॅरेजचे दार खाली येताना होणारी घरघर त्या दिवशी फार वेळ चालली, असे मला वाटले.

हा ‘तुमचा’ मी कुठून आणला?

कारण अर्ध्या तासापूर्वी आमच्याच दिवाणखान्यात मी सोफ्यावरची उशी छातीशी आवळून “अरे मार, मार ना!” असे ओरडत होते, आणि ते मराठीतच ओरडत होते. शेवटच्या मिनिटांत मला टीव्हीकडे बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिले होते. माझा नऊ वर्षांचा मुलगा, जो याच शहरात जन्मला, सामना संपल्यावर पाच मिनिटे जमिनीवर पालथा पडून होता आणि मग म्हणाला होता, “आई, आपण हरलो.” त्या ‘आपण’मध्ये मी होतेच. मराठीत ही सोय मोठी नेमकी आहे. “आपण जेवायला बसू” म्हटले की समोरच्याचेही पान मांडलेले असते, आणि “आम्ही जेवायला बसतो” म्हटले की त्याने उठून आपल्या घरी जावे. इंग्रजीत हा भेद नाही, तिथे एकाच ‘वी’मध्ये कोण आत आणि कोण दाराबाहेर हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. मला तो ‘वी’सुद्धा वापरता आला असता. शेजारी जे ‘वी लॉस्ट’ म्हणतात त्यात मी मोजली जाते की नाही याचा अंदाज घेण्याऐवजी मी स्वतःहूनच उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले, आणि वर त्याला सभ्यपणा समजले.

२०१३च्या डिसेंबरात आम्ही इथे आलो, तेव्हा बर्फावरची हॉकी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. आमच्या हॉकीत चेंडू असतो, मैदान असते, आणि माणूस पडला तर त्याला उचलायला लोक धावतात. इथे पडलेला माणूस आपला आपण उठून तीस-चाळीस सेकंदांनी पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातो. टीव्हीवर तो काळा ठिपका मला दिसतच नसे. तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची ती रबरी चकती, म्हणजे पक, उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली. खेळाडू कुठे बघत आहेत यावरून ती कुठे असेल हे ओळखायचे. मग एका शनिवारी चॅनेल बदलताना पंजाबी समालोचन लागले आणि मी थांबले. हरनारायण सिंग आणि त्यांचे सहकारी पकला ‘टिक्की’ म्हणत होते आणि नियम मोडणाऱ्याला जिथे दोन मिनिटे बसवतात त्या कोपऱ्याला ‘सज़ा दा डब्बा’. मला हसू आले आणि त्याच हसण्यात खेळ कळायला लागला. इंग्रजी समालोचनात जे शब्द अंगावरून जात, ते पंजाबीत टाळूला लागत. तव्यावरच्या टिक्कीमागे काठ्या घेऊन धावणारी दहा माणसे आणि दोन राखणदार, एवढे चित्र डोक्यात बसल्यावर बाकीचे आपोआप येत गेले. मी हा खेळ, असे म्हणायला हरकत नाही, उणे तीस अंशांच्या गावात बसून पंजाबीतून मराठीत शिकले.

मुलगा मात्र तो पायांनी शिकला. इथल्या वस्त्यावस्त्यांमध्ये हिवाळ्यात पाणी सोडून उघड्यावर बर्फाची मैदाने केली जातात. संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात मुले घसरत असतात आणि लाकडी फळीवर पक आदळल्याचा ठक्क असा कोरडा आवाज दोन गल्ल्या ओलांडून स्वयंपाकघरात येतो. पोळ्या लाटताना तो आवाज बंद झाला की मी घड्याळ बघते. मुलाचे पहिले स्केट आजोबांनीच बांधले होते. मी घट्ट ओढायला घाबरत होते, तर ते गुडघ्यांवर बसून म्हणाले, की घोटा हलला तर मुलगा पडेल, तेव्हा दया नको. तेच आजोबा १९८८च्या ऑगस्टमधल्या त्या दिवसाबद्दल बोलतात तेव्हा घरातले कुणी गेल्यासारखे बोलतात. ९ ऑगस्टला एडमंटनचा सर्वांत मोठा खेळाडू वेन ग्रेट्झ्की याला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकले गेले. १९८४ ते १९९० या काळात या शहराने पाच वेळा स्टॅनली कप, म्हणजे या हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकला, त्यांतला शेवटचा ग्रेट्झ्की गेल्यानंतरचा. त्यानंतर एकही नाही. आजोबा पाचही कप बोटांवर मोजतात आणि मग मूठ मिटतात.

२०२३-२४चा हंगाम तर सुरुवातीलाच गेल्यात जमा होता. पहिल्या तेरा सामन्यांपैकी तीन जिंकल्यावर प्रशिक्षकाला घरी पाठवण्यात आले. पुढे त्याच संघाने सलग सोळा सामने जिंकले आणि जूनमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला. समोर फ्लोरिडा पँथर्स. ज्या गावात अंगणातले तळे कधी गोठत नाही, तिथला संघ. सातपैकी चार सामने जिंकायचे. पहिले तीन फ्लोरिडाने घेतले: ३-०, ४-१, ४-३. तिसरा तर आमच्याच गावात. गोलासमोर सेर्गेई बॉब्रॉव्हस्की हा रशियन उभा होता आणि पहिल्या सामन्यात त्याने बत्तीस फटके अडवून एकही आत जाऊ दिला नव्हता. स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत तीन-शून्यवरून परत येऊन कप जिंकणारा संघ आजवर एकच झाला आहे, १९४२चा टोरोंटो. हे वाक्य त्या आठवड्यात इथे किराणा दुकानातल्या मुलीपासून दंतवैद्यापर्यंत प्रत्येकाने मला ऐकवले, आणि प्रत्येकाने ते अशा सुरात ऐकवले, की जणू १९४२ हे मागल्याच वर्षी येऊन गेले.

मग चौथा सामना ८-१.

पाचवा फ्लोरिडात जाऊन ५-३. या दोन्ही सामन्यांत एडमंटनचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड याचे चार-चार गुण (गोल केला किंवा गोलाला साहाय्य केले, की एक गुण). अंतिम फेरीत लागोपाठ दोन सामन्यांत असे आधी कुणीही केले नव्हते. तो बर्फावर वळतो तेव्हा बाकीचे खेळाडू क्षणभर चिकणमातीत उभे असल्यासारखे दिसतात, एवढेच मला सांगता येईल. चार हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापून दोन्ही संघ पुन्हा एडमंटनला आले. सहावा सामना २१ जूनला, शुक्रवारी होता आणि त्या दिवशी वटपौर्णिमा होती. इथे वड नाही. आम्ही सातआठ जणी दरवर्षी कुणाच्या तरी घरी जमतो, कुंडीतल्या एका रोपाला सूत गुंडाळतो, ते रोप वडाच्या गोत्रातले आहे एवढ्यावर समाधान मानतो आणि नंतर साबुदाण्याची खिचडी खातो. त्या वर्षी कुणी कुणाला सांगितलेले नसताना चौघी जणी नारिंगी साडी नेसून आल्या. पूजा दुपारी तीनलाच उरकली, कारण सहाला सामना होता. एकीने सावित्रीची कथा वाचता वाचता मध्येच थांबून म्हटले, “तीन-शून्यवरून परत आणला म्हणायचा सत्यवान,” आणि पोथी मिटून सगळ्या हसल्या. संध्याकाळी उपास अंगावर घेऊन मी मुलाबरोबर मैदानाबाहेरच्या चौकात गेले. आत जायची तिकिटे आमच्यासारख्यांसाठी नव्हतीच. बाहेर मोठ्या पडद्यासमोर हजारो माणसे उन्हात उभी होती, घामाचा, बिअरचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास येत होता, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ होता. सामना ५-१ असा जिंकला. एका अनोळखी, दाढी रंगवलेल्या माणसाने मला मिठी मारली. मिठी मारताना त्याने ‘तुमचा’ की ‘आमचा’ असे काही विचारले नाही. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, उलट घरी येताना मी भोंगा वाजवणाऱ्यांना हात दाखवत होते.

म्हणजे जिंकलेल्या शुक्रवारी मी त्यांच्यातली होते आणि हरलेल्या सोमवारी नव्हते. हिशेब मांडला तर तो असा निघतो, आणि तेच टोचत राहिले.

सातव्या सामन्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फ्लोरिडाने पहिल्या पाच मिनिटांत गोल केला, सव्वादोन मिनिटांनी मॅटियस यानमार्कने बरोबरी साधली, दुसऱ्या सत्रात सॅम राइनहार्टने २-१ केले आणि मग संपूर्ण तिसरे सत्र, वीस मिनिटे, तो एक गोल काही आला नाही. मॅकडेव्हिडला त्या दिवशी एकही गुण मिळाला नाही. भोंगा झाला, फ्लोरिडाच्या खेळाडूंनी हातमोजे हवेत उडवले आणि प्रेक्षकांतून बर्फावर प्लास्टिकचे उंदीर येऊन पडू लागले, कारण ती तिथल्या लोकांची जुनी रीत आहे. मुलगा रडता रडता उंदीर मोजत होता. मग दोन्ही संघ रांगा करून समोरासमोर आले आणि एकेकाने एकेकाशी हात मिळवला. मला या खेळातला हा भाग नेहमी खिळवून ठेवतो. दोन आठवडे एकमेकांना फळ्यांवर चेपणारी, दात पडलेली, दाढ्या वाढलेली माणसे एकमेकांच्या कानाशी काहीतरी बोलतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. कुणाची मान जास्त वेळ झुकते, कुणी खांद्यावर हात ठेवतो. त्यानंतर संपूर्ण बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जाहीर झाला आणि तो हरलेल्या संघाच्या मॅकडेव्हिडला मिळाला. बेचाळीस गुण, त्यांत चौतीस साहाय्ये, म्हणजे एका हंगामाच्या बाद फेरीतला ग्रेट्झ्कीचा एकतीसचा विक्रमही मागे पडला. नाव पुकारले गेले. तो आला नाही. तो आत, कपडे बदलायच्या खोलीत होता आणि तिथेच राहिला. टीव्हीवरच्या तज्ज्ञांना ते फारसे खटकले नाही आणि मलाही नाही. हात मिळवायला तो आला होता, बक्षीस घ्यायला आला नाही, यात मला एक चोख मराठी संस्कार दिसला. घरात सुतक असताना कुणी सत्काराला जात नाही.

आणि हे सगळे इतके नीट उमगलेली मी कचऱ्याचा डबा ओढत बाहेर गेले आणि सत्कार करून आले.

त्या रात्री झोप आली नाही. पडद्याच्या फटीतून उत्तरेकडचा फिकट उजेड येत राहिला आणि मला अप्पा आठवले. माझे वडील मूळचे परभणीचे. बँकेतल्या बदलीने कोल्हापूरला आले आणि शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहिलो. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा असतो आणि तालमींचा असतो. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला, की दुपारपासून शिवाजी पेठेतली आणि मंगळवार पेठेतली माणसे एकमेकांशी जपून बोलायची. आता तिथे परदेशी खेळाडूही खेळून जातात, पण तेव्हा गोल करणारा मुलगा सकाळी दुधाच्या रांगेत आपल्या पुढे उभा असे. अशाच एका एप्रिलमध्ये शिवाजी हरली. घरमालक स्टेडियमवरून धुळीने माखून आले आणि पायरीवर बसून राहिले. अप्पा कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चश्मा काढून, त्यांच्या मराठवाडी सौजन्याने म्हटले, “तुमची पोरं चांगली खेळली हो.” मालकांनी मान वर केली. “सायेब, भाडं पेठेत देताय, पाणी पेठेचं पिताय, आन् पोरं तेवढी आमची व्हय?” अप्पांचा चेहरा पडला. आतून आईने मला हाक मारली, आणि मी “आलो, आलो” म्हणत आत पळाले. कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात, आणि मी ‘आलो’ म्हटले की परभणीची माझी आई कपाळाला हात लावायची. म्हणजे मी बोलण्यातून केव्हाच पेठेची झाले होते. अप्पांना वेळ लागला. पुढच्या सामन्याला ते मालकांबरोबर स्टेडियमवर गेले, उन्हाने लाल होऊन परत आले आणि “पंच बरोबर नव्हता” एवढेच बोलले. मालकांनी झापले म्हणून अप्पांची सुटका झाली. मला झापायला कुणी नव्हते. इथली माणसे वाईट वाटले तर दार लावून घेतात, आणि आपण काय बोललो हे आपले आपल्यालाच शोधावे लागते.

अर्थात, असेही असेल की आजोबांनी माझे वाक्य ऐकलेच नाही. किंवा ऐकले आणि त्यांना ते अगदी बरोबर वाटले. हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा जास्त लागतो.

त्या उन्हाळ्यात मला आणखी एक सकाळ पुन्हा पुन्हा आठवत राहिली. १९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादचा तो अंतिम सामना आमच्याकडे रात्री दीडला सुरू झाला होता. लागोपाठ दहा सामने जिंकलेला संघ, अकरावा तेवढा राहिला होता. रात्रभर चहा, खारे दाणे आणि हळू आवाजातला टीव्ही. ट्रॅव्हिस हेडचे शतक झाले तेव्हा बाहेर उजाडत होते. नऊच्या सुमारास सगळे संपल्यावर मी अंगात जाड कोट अडकवून पायरीवर येऊन उभी राहिले. आजोबा फाटकापाशी होते. त्यांनी विचारले, “रात्रभर दिवा दिसत होता. कुणी आजारी नाही ना?” मी म्हणाले, “नाही. क्रिकेटचा विश्वचषक होता. आम्ही हरलो.” त्या ‘आम्ही’त ते नव्हते, हे इंग्रजीतसुद्धा अगदी स्पष्ट होते. ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. क्रिकेटमधले त्यांना काहीही कळत नाही. सामना पाच दिवसही चालतो हे मी एकदा सांगितले होते, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली होती. “मग आज झोपा,” ते म्हणाले, “मुलाला मी बर्फावर नेऊन आणतो.” आणि गेले. ‘तुमचा संघ छान खेळला’ असे ते म्हणाले नाहीत. तेव्हा ते मला जाणवलेही नव्हते.

हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवून मी बराच काळ स्वतःला घालूनपाडून बोलले. पण एक गोष्ट मनाला पूर्ण पटत नाही. त्या संघात तरी एडमंटनचे किती जण होते? मॅकडेव्हिड ऑन्टारिओचा, लिऑन ड्रायसाइट्ल जर्मनीतल्या कोलोनचा, यानमार्क स्वीडनचा. तेव्हाचा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर मात्र याच गावात जन्मलेला, आणि गोल झाला की गाव सगळ्यात आधी त्याच्याच नावाने खडे फोडत असे. गावचे असणे म्हणजे बहुधा तेच असावे, की आपल्याला बोलताना लोक हात राखत नाहीत. मी अकरा वर्षांत इथे कुणाला स्किनरवरून वाईट बोलले नव्हते. तो माझा अधिकार नाही असे मला वाटत आले. आजोबा मात्र त्याला अशा शब्दांत बोलत, की जणू तो त्यांचा नापास झालेला नातू आहे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत आले. या वेळी झेंडा मी आणला आणि आमच्या गाडीला लावला. एक झेंडा हेन्डे रस्त्यावर वाऱ्याने उडून गेला, म्हणून दुसरा आणला. पहिला सामना जादा वेळेत जिंकला, दुसरा दुहेरी जादा वेळेत हरला, तिसरा ६-१ असा दारुण. चौथ्यात ०-३ वरून उठून ५-४ ने जिंकला, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले, की मुलाने माझ्याकडे काळजीने पाहिले. पाचव्यात पहिला गोल गेला आणि माझ्या तोंडून गोलरक्षकाबद्दल एक खास कोल्हापुरी शब्द निघाला, जो मुलाला माहीत नव्हता आणि मी त्याला त्याचा अर्थ सांगितला नाही. सहावा सामना १७ जूनला, मंगळवारी, फ्लोरिडात झाला. ५-१. राइनहार्टने एकट्याने चार गोल केले. या वेळी आशा लावून धरायलाही जागा नव्हती.

साडेनऊला मी बाहेर आले. ऊन तसेच छपरांवर होते. झेंड्याची काडी काचेत रुतली होती आणि ती ओढताना माझी बांगडी दाराच्या पत्र्यावर वाजत होती. पलीकडच्या हिरवळीवर आजोबा पाठमोरे उभे होते. त्यांच्या पिकअपचा झेंडा आधीच काढलेला होता. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ते वळले, माझ्या हातातल्या झेंड्याकडे त्यांनी पाहिले आणि मग आमच्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, “तुमचे डँडेलियन म्हातारे झाले आहेत. सगळे बी उडून माझ्याकडे येते.”

खरेच होते ते. मी महिनाभर तिकडे पाहिलेच नव्हते. पांढऱ्या गोंड्यांनी सगळे अंगण भरले होते. मी म्हणाले की शनिवारी काढते. ते म्हणाले, शनिवारपर्यंत काय शिल्लक राहणार, आणि आत जाऊन मुळासकट उपटायचे लांब दांड्याचे अवजार घेऊन आले. ते कसे रोवायचे, पाय कुठे द्यायचा, मूळ तुटले तर तीन रोपे कशी उगवतात, हे त्यांनी मला सांगितले. झेंडा मी कठड्यावर ठेवला होता. अंधार पडायला अजून तासभर होता आणि आम्ही फाटकापासून सुरुवात केली.